लोकप्रिय साहित्याचा लेखक : ऑर्वेलच्या समीक्षेतील एक रिकामी जागा

इंग्रजीतील लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना जॉर्ज ऑर्वेलचे नाव बहुधा आरंभीच घेतले जाते. रिचर्ड हॉगार्टचा 'द यूजेस ऑफ लिटरसी' (१९५७) आणि रेमंड विल्यम्सचा 'कल्चर अँड सोसायटी' (१९५८) ह्या ग्रंथांनी ज्या अभ्यासक्षेत्राला पुढे विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या क्षेत्रात ऑर्वेल १९४० मध्येच वावरत होता. शाळकरी मुलांची साप्ताहिके, समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत विकली जाणारी चावट पोस्टकार्डे, गुन्हेगारी कादंबऱ्या असा सगळा ऐवज त्याने गंभीरपणे वाचला आणि त्यावर लिहिले. हे श्रेय त्याचे आहेच. प्रश्न आहे तो हे साहित्य वाचताना त्याला काय दिसले नाही, हा. लेखनाच्या मोबदल्याचा हिशेब इतक्या उघडपणे मांडणारे लेखक थोडे. पण ह्याच लेखकाला लोकप्रिय साहित्यामागे बसून लिहिणारा माणूस दिसला नाही. वाचक दिसला, मालक दिसला, विक्रेता दिसला. लेखकाच्या जागी मात्र त्याच्या निबंधांत एक रिकामी जागा आहे, आणि ती केवळ माहितीच्या अभावाने राहिलेली नाही.

ऑर्वेलची मते ग्रंथव्यवहाराच्या आतून आलेली आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. ऑक्टोबर १९३४ ते जानेवारी १९३६ ह्या काळात तो लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्धवेळ नोकरी करीत होता. त्या अनुभवावरचा 'बुकशॉप मेमरीज' (१९३६) हा निबंध आठवणीवजा असला तरी त्यात वाचनाच्या समाजशास्त्राची बीजे आहेत. दुकानाला जोडून पाच-सहाशे कादंबऱ्यांचे एक वाचनालय होते. अनामत न घेता दोन पेनीत पुस्तक घरी न्यायला मिळे. माणूस विकत घेतो ती पुस्तके आणि भाड्याने नेतो ती पुस्तके ह्यांत फरक असतो, आणि खरी आवड कळते ती दुसऱ्या व्यवहारात, हे ऑर्वेलने तेथे पाहिले. सर्वाधिक मागणी एथेल एम. डेलला, तिच्यानंतर वॉरविक डीपिंगला. नामवंत अभिजात कादंबरीकार वाचनालयाच्या फळीवरून जवळजवळ हललेच नाहीत. कथासंग्रह कोणाला नको असत, कारण दर कथेला नव्या पात्रांशी ओळख करून घेण्याचे कष्ट वाचकाला नको होते. आठवड्याला चार-पाच रहस्यकथा संपविणारा एक वर्गणीदार पुस्तकाचे एखादे पान चाळूनच ते आपण वाचलेले आहे की नाही हे सांगत असे. एकही सैद्धान्तिक संज्ञा न वापरता वाचनाच्या सवयींविषयी इतके सांगणारा दुसरा निबंध त्या दशकातील इंग्रजीत शोधावा लागेल.

ह्या नोकरीने पुस्तकांवरचे आपले प्रेम गेले, असेही तो त्याच निबंधात म्हणतो. त्या विधानातली कुरकुर बाजूला ठेवली तर एक पद्धती हाती येते. पुस्तक ही वस्तू आहे, ती कोणी तरी छापते, कोणी तरी खपविते, आणि ह्या साखळीत पैसा कसा फिरतो हे पाहिल्याशिवाय साहित्याबद्दल बोलणे पुरे होत नाही, अशी ती पद्धती. 'इन डिफेन्स ऑफ द नॉव्हेल' (१९३६) मध्ये कादंबरीची प्रतिष्ठा का घसरली ह्याचे उत्तर तो कादंबरीच्या रूपात शोधत नाही, परीक्षणाच्या धंद्यात शोधतो. प्रकाशक नियतकालिकांना जाहिराती देतात, नियतकालिकांना परीक्षणे छापावी लागतात, परीक्षकाकडे पुस्तकांचा गठ्ठा येतो. ह्यात उघड लाचखोरी कोणी करीत नाही आणि तरीही सामान्य कादंबऱ्यांवर स्तुतीचा वर्षाव होतो. दहा वर्षांनी लिहिलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ बुक रिव्ह्यूअर' (१९४६) मध्ये तोच परीक्षक पुन्हा भेटतो. पस्तिशीतच पन्नाशीचा दिसणारा हा गृहस्थ अंगात जुनाट झगा घालून, मुदत उलटत आली असताना, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पुस्तकांवर एकत्र लिहावयास बसलेला आहे. बहुसंख्य पुस्तकांची दखलच घेऊ नये आणि जी महत्त्वाची वाटतील त्यांच्यावर किमान हजार शब्द लिहावेत, अशी सूचना ऑर्वेल करतो. ती कोणी अमलात आणली नाही. मराठी नियतकालिकांचे पुस्तक-परीक्षणांचे स्तंभ चाळणाऱ्या वाचकालाही हे निराळे सांगावयास नको.

किमतीविषयीची त्याची मते अधिक वादग्रस्त आहेत. पेंग्विनची सहा पेनीची पुस्तके १९३५ मध्ये बाजारात आली, तेव्हा वाचक म्हणून त्याने त्यांचे कौतुक केले आणि त्याच दमात इतर प्रकाशकांना खरे तर शहाणपण असेल तर त्यांनी एकजुटीने ही मालिका बंद पाडावी असेही लिहिले. युक्तिवाद साधा होता. पुस्तक स्वस्त झाले म्हणून वाचक त्याच पैशात दहा पुस्तके घेणार नाही. तीन घेईल आणि उरलेले पैसे चित्रपटाला देईल. म्हणजे ग्रंथव्यवहारात येणारा एकूण पैसा घटेल, आणि घटीचा फटका लेखकाला बसेल. पेंग्विनने वाचकवर्गच वाढविला, ह्या शक्यतेचा हिशेब त्यात नव्हता आणि इतिहासाने ते गणित खोटे ठरविले. स्वतः ऑर्वेलची कीर्ती मोठ्या प्रमाणावर पेंग्विनच्याच आवृत्त्यांनी पसरली. पण युक्तिवादाची दिशा पाहण्यासारखी आहे. हा माणूस रोजंदारीवरच्या कामगारासारखा विचार करतो आहे. 'बुक्स व्हर्सस सिगारेट्स' (१९४६) मध्ये तो घरातील पुस्तके मोजून वाचनाचा वार्षिक खर्च पंचवीस पौंडांच्या आसपास काढतो आणि तो तंबाखूच्या जवळजवळ चाळीस पौंडांशेजारी मांडतो. त्याच वर्षी 'होरायझन' मासिकाने लेखकांच्या चरितार्थाविषयी प्रश्नावली काढली तेव्हा विवाहित लेखकाला कर वजा जाता आठवड्याला दहा पौंड, अविवाहिताला सहा, असे आकडे त्याने दिले. जोडधंदा करावयाचाच तर तो साहित्याशी संबंध नसलेला असावा, हेही बजावले.

असा हा लेखक 'होरायझन'च्या मार्च १९४० च्या अंकात 'बॉइज वीकलीज' हा निबंध प्रसिद्ध करतो. गरीब वस्तीतील वृत्तपत्रांचे कोंदट, छोटे दुकान हे त्याचे आरंभस्थान आहे. सामान्य माणसाला काय वाटते हे मोठ्या दैनिकांपेक्षा त्या दुकानात ठेवलेल्या मालावरून कळते, ही भूमिका. तेथून तो 'जेम' आणि 'मॅग्नेट' ह्या दोन साप्ताहिकांकडे वळतो. त्यांतील निवासी शाळा, बिली बंटर हा खादाड मुलगा, १९१० च्या सुमारास थांबलेले घड्याळ, संपाचा किंवा बेकारीचा मागमूस नसलेले जग, परकीयांची ठरावीक हास्यचित्रे, ह्या सगळ्याचे त्याने केलेले वर्णन आजही ताजे वाटते. त्या परकीयांत भानीपूरचा नवाब हरी जमसेट राम सिंग हा एक आहे. ह्या नावात किती धर्म आणि प्रांत कोंबलेले आहेत ह्याची मौज इंग्रज वाचकापेक्षा भारतीय वाचकालाच अधिक वाटेल. ही साप्ताहिके 'अमॅल्गमेटेड प्रेस'च्या मालकीची होती आणि त्या संस्थेची सूत्रे वृत्तपत्रधनिकांच्या हाती होती, हे ऑर्वेल नोंदवितो. निष्कर्ष असा की मुलांच्या करमणुकीतून मालकवर्गाला सोयीची मूल्ये रुजविली जातात.

निबंधाच्या ह्या उभारणीत एक विधान सहज येऊन जाते. तीस वर्षे दर आठवड्याला चालणारी ही मालिका एकाच माणसाने लिहिलेली असणे शक्य नाही, असे ऑर्वेल गृहीत धरतो. म्हणून तिची शैली मुद्दामच कोणालाही नक्कल करता येईल अशी ठेवली आहे, असे त्याचे म्हणणे. मे १९४० च्या 'होरायझन'मध्ये फ्रँक रिचर्ड्सचे उत्तर आले. त्याचे खरे नाव चार्ल्स हॅमिल्टन (१८७६–१९६१). 'मॅग्नेट'मधल्या कथा रिचर्ड्स ह्या नावाने आणि 'जेम'मधल्या मार्टिन क्लिफर्ड ह्या नावाने तोच लिहीत आला होता. लेखक एकच आहे आणि तो आपण आहोत, असे त्याने मिस्कील व काहीसे दुखावलेल्या सुरात कळविले. राजकारणाने मुलांना अस्वस्थ करण्यापेक्षा त्यांना सुखात राहू द्यावे हे त्याचे तत्त्व, आणि परकीय माणसे गमतीदार असतातच हा त्याचा खुलासा, ही दोन्ही ऑर्वेलच्या टीकेला बळकटी देणारीच आहेत. वादात विचारसरणीच्या मुद्द्यावर ऑर्वेल हरला असे कोणी म्हणणार नाही. वस्तुस्थितीच्या बाबतीतही तो सर्वस्वी चुकला नव्हता. ह्या मालिकांत अधूनमधून बदली लेखकांनीही त्याच टोपणनावांखाली कथा लिहिल्या आहेत. परंतु मुख्य हात एकाच माणसाचा होता, आणि तो ऑर्वेलला ओळखता आला नाही.

ह्या चुकीकडे आजवर बहुधा एक गमतीदार फजिती म्हणून पाहिले गेले आहे. तिचे परिणाम मात्र निबंधाच्या विश्लेषणात खोलवर गेलेले आहेत. 'मॅग्नेट'च्या भाषेतील पुनरुक्ती, एकच गोष्ट तीन-तीनदा सांगण्याची लकब, उद्गारांची खोगीरभरती ही सगळी वैशिष्ट्ये ऑर्वेलने अचूक टिपली आहेत. त्यांचे कारण म्हणून तो अनेक हातांची सोय पुढे करतो. दर आठवड्याला पंधरा-वीस हजार शब्दांची कथा पुरविणाऱ्या एकाच माणसाची ती श्रमखूण असू शकेल, हे त्याच्या मनात येत नाही. परीक्षणाचा रतीब घालणाऱ्या लेखकाची भाषा कशी सैल पडते हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते. तेच निदान येथे मात्र तो लावत नाही. नवाबाच्या बाबतीतही असेच होते. परंपरेने चालत आलेला विनोदी बाबू एवढेच ऑर्वेलला दिसते. पण हे पात्र शाळेतील नायकांच्या पाचजणांच्या कंपूत बसविलेले आहे, आणि तेथे ते कोणी तरी जाणूनबुजून बसविले आहे. साचा मालकाचा असेल. साच्यात केलेली ही जुळवाजुळव लेखकाची आहे. लेखकच नाही असे गृहीत धरल्यावर अशा निवडींकडे लक्ष जाण्याचे कारण उरत नाही.

मालकीचा प्रश्नही अर्धाच राहतो. युद्धकाळातील कागदटंचाईने 'मॅग्नेट' मे १९४० मध्येच बंद पडले. साठी उलटलेल्या हॅमिल्टनचे उत्पन्न थांबले. त्याने निर्माण केलेल्या शाळेवर आणि पात्रांवर हक्क प्रकाशनसंस्थेचा असल्यामुळे त्या कथा त्याला दुसरीकडे लिहिता येईनात. बंटरच्या कथा पुस्तकरूपाने पुन्हा सुरू झाल्या त्या १९४७ मध्ये. विचारसरणीचा मालक कोण हे ऑर्वेलने विचारले. पात्रांचा मालक कोण, हा प्रश्न त्याच्या अर्थशास्त्रात बसणारा असूनही त्याने विचारला नाही.

हीच गोष्ट दीड वर्षाने पुन्हा घडते. 'द आर्ट ऑफ डॉनल्ड मॅकगिल' (१९४१) हा निबंध विनोदी पोस्टकार्डांवर आहे. धिप्पाड बायका, त्यांचे किडकिडे नवरे, नवविवाहित जोडपी, दारुडे ह्यांच्या त्या जगात ऑर्वेलला माणसाची दुसरी बाजू दिसते: थोरपणाच्या उपदेशाला हळूच वाकुल्या दाखविणारी, सांचो पान्झाची बाजू. येथे लोकप्रिय कलेविषयीची त्याची भूमिका 'बॉइज वीकलीज'च्या नेमकी उलट आहे. तेथे संस्कृती वरून खाली झिरपत होती, येथे ती खालून वर येते. ह्या दोन सिद्धान्तांचा मेळ त्याने कधी घातला नाही. दोहोंत समान काय आहे ते मात्र स्पष्ट आहे. मॅकगिल कोण हे आपल्याला ठाऊक नाही, असे ऑर्वेल आरंभीच सांगतो. ते एखाद्या व्यापारी मालिकेचे नाव असावे असे त्याला वाटते, आणि ह्या चित्रांमागे स्वतःची शैली असलेला एक खरा चित्रकार आहे हेही त्याला जाणवते. तेथेच तो थांबतो. मॅकगिल (१८७५–१९६२) तेव्हा हयात होता, काम करीत होता. १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयात अश्लीलतेच्या खटल्यात दंड भरावयास उभा राहिला तो हाच माणूस, सांचो पान्झा नव्हे. लोकांची बाजू मांडणाऱ्या कलेलाही कारागीर असतो आणि तिची किंमत त्याला मोजावी लागते, ह्या दिशेने जाणारी वाट निबंधात उघडून तशीच सोडलेली आहे.

ह्या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. लेखकाला बाजूला सारून संहितेकडे आणि तिच्या उत्पादनव्यवस्थेकडे पाहणे ही तर पुढच्या काळातील सिद्धान्ताची वाट आहे. बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती १९६७ साली, फूकोने लेखक म्हणजे काय हा प्रश्न मांडला तो १९६९ मध्ये. मग ऑर्वेलला त्यांचा पूर्वसूरी का मानू नये? उत्तर त्याच्याच पुस्तकात आहे. 'बॉइज वीकलीज' निबंध १९४० च्या 'इनसाइड द व्हेल' ह्या संग्रहात ज्या निबंधाशेजारी छापला गेला, तो चार्ल्स डिकन्सवरचा आहे, आणि पानामागे लेखकाचा चेहरा दिसणे ही त्या निबंधाची प्रसिद्ध अखेर आहे. बार्थने ज्या लेखकाला पदच्युत केले तो अभिजात साहित्याचा सर्वसत्ताधीश लेखक. ऑर्वेल त्यालाच जपतो आणि हप्त्याहप्त्याने मजकूर पुरविणाऱ्याचा चेहरा पुसतो. गंमत अशी की डिकन्सही मासिक हप्त्यांवर, मुदतीच्या तगाद्यात, खपावर डोळा ठेवून लिहीत होता.

एकाच पुस्तकातील ह्या दुहेरी मोजमापाचे मूळ ऑर्वेलच्या लेखकपणाच्या कल्पनेत आहे. 'व्हाय आय राइट' (१९४६) मध्ये तो लेखनामागच्या चार प्रेरणा सांगतो: अहंभाव, सौंदर्याची ओढ, इतिहासाची नोंद करण्याची इच्छा आणि राजकीय हेतू. यादीला हात घालण्यापूर्वी, पोट भरण्याची गरज बाजूला ठेवून, असे एक कलम तो जोडतो. पैशाचे इतके बारीक हिशेब करणारा हा लेखक लेखनाची व्याख्या करताना पैसा व्याख्येबाहेर ठेवतो. पोटासाठी लिहिणे हा लेखकावर कोसळणारा बाहेरचा अपघात. लेखक खरा ओळखावयाचा तो त्या अपघाताला न जुमानणाऱ्या अंशावरून. मग जो केवळ पोटासाठी लिहितो आणि तरीही आनंदाने लिहितो, हॅमिल्टनसारखा, त्याला ठेवावयाचे कोठे? ऑर्वेलच्या व्याख्येत त्याला जागाच नाही. व्याख्या रोमँटिक आहे, हिशेब भौतिकवादी.

अपवाद आहेत. चेस्टर्टनची संज्ञा उचलून लिहिलेल्या 'गुड बॅड बुक्स' (१९४५) मध्ये कलामूल्याचा दावा न करणाऱ्या, पण टिकून राहणाऱ्या पुस्तकांची तो बाजू घेतो, आणि व्हर्जिनिया वुल्फच्या समग्र साहित्यापेक्षा 'अंकल टॉम्स केबिन' अधिक काळ जगेल असे पैजेच्या भाषेत म्हणतो. येथे लेखकांची नावे येतात. पण त्यांच्याजवळ असलेली गोष्ट म्हणजे एक सहज, जवळजवळ शारीरिक देणगी. बेत, बाजाराची जाण ह्यांचा उल्लेख टाळलेलाच. 'रॅफल्स अँड मिस ब्लँडिश' (१९४४) मध्ये 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश'च्या (१९३९) लेखकाने, इंग्रज असूनही, अमेरिकन गुन्हेगारी जगात स्वतःला पूर्णपणे नेऊन ठेवले आहे, असे तो नवलाने नमूद करतो. जेम्स हॅडली चेस हे नाव घेणारा तो लेखक पुस्तकांच्या ठोक विक्रीच्या व्यवसायात काम केलेला होता, म्हणजे ऑर्वेलप्रमाणेच त्यानेही काय खपते ते विक्रीच्या बाजूने पाहिले होते. त्या अनुभवातून एकाने 'बुकशॉप मेमरीज' लिहिला, दुसऱ्याने 'नो ऑर्किड्स'. ही तुलना ऑर्वेलच्या निबंधात असती तर क्रौर्य आणि सत्तापूजा ह्यांविषयीचे त्याचे तेजस्वी विवेचन अधिक अस्वस्थ करणारे झाले असते.

क्यू. डी. लीव्हिसशी तुलना केली तर ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते. 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' (१९३२) मध्ये लोकप्रिय कादंबरीविषयी तिला तुच्छतेपलीकडे फारसे काही वाटत नाही. पण तिने त्या कादंबरीकारांना प्रश्नावली पाठवून, तुम्ही कसे आणि कशासाठी लिहिता, हे विचारले. तुच्छता बाळगणारीने विचारले आणि सहानुभूती असणाऱ्याने विचारले नाही.

मराठीत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने उभा राहतो. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या बाबतीत त्यांचा लेखक कोण ह्याविषयी वाचकाला कधी शंका आली नाही. झुंजार आणि काळापहाड ह्यांच्याइतकेच अर्नाळकर हे नाव घरोघरी पोचलेले होते. मराठी समीक्षेने त्यांच्या बाबतीत केले ते एवढेच की संख्या सांगितली आणि पुढे गेली. संख्या हेच वर्णन आणि संख्या हाच निकाल. इंग्रजीत लेखक अदृश्य राहिला. मराठीत तो दिसूनही वाचला गेला नाही.

ऑर्वेल स्वतः अशा अदृश्यतेतून गेला होता, हे येथे विसरता येत नाही. १९४१ ते १९४३ ह्या काळात तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात नोकरीस होता. पुढे 'इन ट्रान्झिट' (१९५०) ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या वेणू चितळे तेथे त्याच्या सहकारी होत्या. भारतीय भाषांतून प्रसारित होणाऱ्या वार्तापत्रांचे इंग्रजी मसुदे तो लिहीत असे. त्यांत मराठी वार्तापत्रही होते. मसुदा त्याचा, भाषांतर व आवाज दुसऱ्याचा. इकडे ते ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यापर्यंत मूळ लेखकाचे नाव पोचत नव्हते. १९४२ मध्ये एकाच कथेचे पाच भाग पाच लेखकांनी लिहून नभोवाणीवर वाचण्याचा प्रयोगही त्याने केला. पहिला भाग त्याचा, शेवटचा ई. एम. फॉर्स्टरचा. सांघिक लेखन, निनावी लेखन, मुदतीचे लेखन, सारे त्याने केले. ह्या अनुभवातून त्याने काढलेला अर्थ मात्र यंत्राचा आहे. 'द प्रिव्हेन्शन ऑफ लिटरेचर' (१९४६) मध्ये डिस्नेच्या चित्रपटांचे आणि नभोवाणीच्या कार्यक्रमांचे कारखानी उत्पादन पाहून, पुढे पुस्तकेही यंत्रेच तयार करतील असे भाकीत तो करतो. ते खरे ठरण्याच्या वाटेवर आहे म्हणून आज त्याला द्रष्टा म्हटले जाते. भाकिताची मुळे मात्र १९४० च्या त्या गृहीतकात आहेत: इतका मजकूर एका माणसाचा असणे शक्य नाही.

'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मध्ये हे गृहीतक कथानक होऊन येते. सत्य मंत्रालयात सामान्य जनतेसाठी कादंबऱ्या यंत्रांवर तयार होतात, गाणी दुसऱ्या यंत्रावर. अंगणात कपडे वाळत घालणारी एक थोराड बाई तसलेच एक गाणे म्हणते, आणि तिच्या गळ्यातून ते बेगडी गाणे जवळजवळ सुंदर होते. पोस्टकार्डांवरचा आणि साप्ताहिकांवरचा असे दोन्ही निबंध येथे एकत्र आले आहेत: निर्मिती पूर्णपणे वरून, जिवंतपणा पूर्णपणे खालून. मधला माणूस उरलेलाच नाही. नाही म्हणावयास ज्यूलिया आहे. ती कादंबरी-यंत्रांची देखभाल करते, हातात पाना घेऊन, आणि आपल्या कामात रमते. पुस्तक तिच्या लेखी मुरंब्यासारखी किंवा बुटाच्या नाडीसारखी तयार करावयाची एक वस्तू आहे. लोकप्रिय साहित्याच्या उत्पादनात राबणारे, नावगाव असलेले माणूस ऑर्वेलच्या साऱ्या लेखनात इतक्या जवळून एवढेच दिसते. शेवटच्या वेळी ती बाई गात असताना विन्स्टन खिडकीशी उभा राहून तिच्यात मानवजातीचे भवितव्य पाहतो. ज्यूलिया त्याच्या शेजारीच उभी आहे. तिला दिसते ती त्या बाईची कंबर; आणि गाण्याविषयी तो तिला काहीच विचारत नाही.